गर्दीतलं काम

ग्रिम्सबीत, मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये,
दर मंगळवारी आणि गुरुवारी
मी पटवून घेतो.

तेच माझं काम. पत्रिकेत सगळ्यात खाली
'नागरिक, चौथा', आणि पुढे आडनाव,
खांडेपारकरमधला शेवटचा र गळालेला.
संवाद अडीच. त्यातला अर्धा नुसता हुंकार.

शोकांतिका जुनी आहे. नगरात दुष्काळ,
कोठाराची चावी सापडत नाही,
आणि पायऱ्यांवर दोघं बोलतात.
पहिला पोती मोजून दाखवतो. खरं तेच सांगतो.
आम्ही त्याच्या वेळी खोकतो, तसं लिहिलंयच.

दुसरा म्हणजे डेस्मंड.
तीस वर्षं बंदरावर कॉडचा लिलाव पुकारलेला,
कुठे थांबलं की भाव चढतो ते त्याला कळतं.
मला काही बोलता येत नाही, म्हणतो,
आणि वीस मिनिटं बोलतो.
कोठारवाल्याचं नाव मी घेणार नाही, म्हणतो,
की प्रत्येकाच्या ओठांवर ते नाव.
मग रिकामं मापटं उपडं करतो.
आतून एक दाणा पडतो. टिक्.
तो दाण्याकडे बघत राहतो, आम्ही त्याच्याकडे.

'इतक्यात नाही,' फिलिपा थॉर्सबी खुर्चीतून ओरडते,
'पटायला वेळ घ्या.
आधी कपाळाला पटू दे, मग खांद्यांना,
पाय सगळ्यात शेवटी.'
शाळेत भूगोल शिकवायची ती.
नद्या कशा वळतात ते तिला ठाऊक.

माझी अडचण वेगळी.
डेस्मंड म्हणतो 'वी'. इंग्रजीत तेवढंच आहे,
एकच शब्द, सगळ्यांना पुरणारा, गोणपाटासारखा.
माझ्या डोक्यात मात्र दर वेळी दोन दारं:
आम्ही? की आपण?
त्यात मी आहे, की मी फक्त ऐकतोय?
पहिल्या वक्त्याचं 'वी' मी 'आम्ही' असं ऐकतो
आणि खोकतो.
डेस्मंडचं ऐकतो 'आपण',
आणि कपाळ, खांदे.

फेब्रुवारीत कारखान्याच्या कँटीनमध्ये
मॅनेजर असाच उभा राहिला होता, चहाचा कप हातात.
मी काही वक्ता नाही, म्हणाला.
कुणाचं नाव घेणार नाही, म्हणाला,
पण रात्रपाळीत कुणीतरी तक्रारी लिहितं
आणि त्याने 'वी' सगळ्यांचंच नुकसान होतं.
मी भाषांतर केलं: आपलं.
हात वर गेला. दस्ताना अजून ओला होता,
कोपरापर्यंत बर्फाचं पाणी उतरलं.
व्येस्वाव माझ्या शेजारीच उभा होता.
त्याने माझ्या हाताकडे पाहिलं नाही,
छताकडे पाहिलं.
पुढच्या सोमवारी त्याचा लॉकर रिकामा
आणि मला कळलं, तो शब्द 'आम्ही' होता.

प्रयोग तीन. दुसऱ्या रात्री
डेस्मंड ऐन पायऱ्यांवर अडकला.
मापटं उपडं, दाणा पडलेला,
आणि पुढचं वाक्य गेलं कुठेतरी धुक्यात.
विंगेतून कुजबुज झाली. त्याला ऐकू येईना,
यंत्र घरी विसरलेला.
तीस खुर्च्या, सत्तावन्न डोळे
(मिसेस पॉलीचा एक काचेचा).
हीटरचा आवाज.

कुणी काहीच बोललं नव्हतं.
कोठारवाल्याने चोरी केली, हे सिद्ध करणारी
एक ओळही उच्चारली गेली नव्हती.

आणि मी ओरडलो, 'जाळा!'

मराठीत. कसं, विचारू नका.
क्षणभर गर्दी माझ्याकडे वळली,
नागरिक पहिला, दुसरी, सहावा, बेकरीतली ती जुळी मुलं,
त्यांना शब्द कळला नाही
आणि ते सगळे धावले,
पत्र्याच्या मशाली वर करून, उजव्या विंगेत,
जिथे कोठारवाल्याचं घर आहे असं मानायचं असतं.
मी पुढे होतो.

नंतर आरशासमोर रंग पुसताना
डेस्मंडने खांद्यावर हात ठेवला. वाचवलंस, म्हणाला.
प्रेक्षकांना वाटलं, जुना काहीतरी शब्द असेल,
मूळ संहितेतला.

फिलिपा वहीत काही लिहीत होती.
मान वर न करता म्हणाली,
'उद्याही तसंच कर.'